रोवणीनंतर पंधरा दिवसांत बांधीचा एक कोपरा नारिंगी झाला. करपा, जस्त की तुडतुड्यांनी आणलेला रोग?

धानाची बांधी (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)
३ ऑगस्ट, रात्री ९.२०

नमस्कार. आमची साडेतीन एकर धानाची शेती आहे, लहान-मोठ्या सात बांध्या. तीन बांध्यांना इटियाडोहच्या कालव्याचं पाणी मिळतं, तिथं उन्हाळी धानही घेतो. बाकीच्या चार गावतलावाच्या आणि पावसाच्या भरवशावर. घरचे बाहेरगावी कामाला असतात, शेती मी आणि मामाजी पाहतो. मामाजी ७२ वर्षांचे आहेत. पन्नास वर्षं धान पिकवला त्यांनी, पण यंदाचं हे त्यांनीही पाहिलेलं नाही, म्हणून इथं विचारते.

पऱ्हे (रोपवाटिका) १२ जूनला टाकले, रोवणी ८ ते ११ जुलैला झाली. वाण एक हजार दहा (एमटीयू-१०१०). रोपांनी जीव छान धरला होता. २५ जुलैला मी कालव्याकडच्या बांधीत निंदायला उतरले तर खालच्या कोपऱ्यात, धुऱ्यापासून (बांधापासून) पंधरा-वीस पावलांपर्यंत, रंग वेगळा दिसला. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही. संत्रं पिकायला लागलं की सालीवर येतो तसा. आधी पानाचं टोक रंगतं, मग तिथून खाली अर्ध्या पानापर्यंत उतरतं, बुडाकडचा भाग हिरवाच राहतो.

त्या कोपऱ्यातली एक चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका) आणि दहा पावलांवरची एक चांगली चूड उपटून धुऱ्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या. चांगलीला अकरा फुटवे, आजारीला चार. उंची वीतभर कमी. मुळं दोन्हींची पांढरी, सडकी नाहीत. खोड उभं चिरून पाहिलं, अळी नाही. गादमाशीचा चंदेरी पोंगा आम्ही ओळखतो, तोही नाही.

तलावाकडच्या मोठ्या बांधीतही पिवळेपणा आहे, पण तो बांधीभर सारखा पसरलेला, आणि खालच्या जुन्या पानांवर गंजासारखे ठिपके. तो हाच रोग की वेगळा, मला उमगत नाही.

तालुक्याला एका दुकानात पान घेऊन गेले. त्यांनी पान हातातही घेतलं नाही. करपा आहे म्हणाले, १,८५० रुपयांची औषधं दिली आणि वरून युरियाचा एक हात द्या म्हणाले. सगळं केलं. आज आठ दिवस झाले. कोपरा दुप्पट झाला आणि बांधीच्या मधोमध दोन ठिकाणी नव्यानं चार-पाच चुडी रंगल्या.

आणखी एक. रात्री अंगणातल्या दिव्यावर हिरवे तुडतुडे फार येताहेत. मामाजींनी दिव्याखाली परातीत पाणी ठेवलं होतं, सकाळी पाण्यावर हिरवा थर. तांदळाच्या दाण्याएवढा किडा, पाचरीसारखा निमुळता, काहींच्या पंखांची टोकं काळी. २०२३ ला सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला तेव्हा ऐकलं होतं की तो पांढऱ्या माशीनं पसरतो. धानातही किडा असा रोग आणतो का? आणि आणत असेल तर फवारणी केल्यावर ही रंगलेली रोपं परत हिरवी होतील का? मला मामाजींना खरं उत्तर सांगायचं आहे.

---

चुलबंदकाठ (लाखांदूर, भंडारा)
३ ऑगस्ट, रात्री १०.०५

ताई, तलावाकडच्या बांधीचं मी सांगू शकतो. तो खैरा आहे, जस्ताची कमतरता. आमच्या खोलगट बांध्यांत पाणी सारखं उभं राहतं तिथं दर दोन-तीन वर्षांनी येतो. नव्या पानाच्या बुडाशी मधली शीर पांढुरकी पडली आहे का पाहा. असेल तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेला चुना, चुन्याची निवळी वरची घ्या, आणि फवारा. आठ-दहा दिवसांत नवीन पान हिरवं निघालं तर समजा तेच होतं. पुढच्या वर्षी चिखलणीच्या वेळी एकरी दहा किलो झिंक सल्फेट टाका, पण सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून टाकू नका.

कोपऱ्याचं मात्र मला जस्त वाटत नाही. जस्त असं कोपरा पकडून बसत नाही, आणि टोकाकडून नारिंगी तर नाहीच. जाणकाराला विचारा.

---

जुना कृषी सहायक (सिंदेवाही, चंद्रपूर)
४ ऑगस्ट, सकाळी ७.१५

ताई, तुम्ही दोन चुडी उपटून शेजारी ठेवल्या आणि फुटवे मोजले, यातच अर्धं काम झालं. नोकरीची सगळी वर्षं लोक एक वाळलेलं पान खिशात घालून यायचे, त्यावरून काय सांगणार? म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितो.

टोकाकडून नारिंगी, चूड खुरटी, फुटवे कमी, मुळं चांगली, ठिगळासारखा पसारा आणि दिव्यावर हिरवे तुडतुडे. ही सगळी लक्षणं टुंग्रो रोगाशी जुळतात. खात्री चाचणीनंतरच होईल, पण धरून चालायला हरकत नाही. टुंग्रो हा शब्द फिलिपिन्समधल्या एका बोलीतला, अर्थ खुरटलेली वाढ. १९६० च्या दशकात तिथल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हा विषाणूचा रोग आहे आणि हिरवे तुडतुडे तो पसरवतात हे सिद्ध झालं. मलेशियात तर तोवर कित्येक वर्षं याच रोगाला जमिनीचा दोष समजत होते. आपल्याकडे पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या भातपट्ट्यात त्याच्या मोठ्या साथी येऊन गेल्या आहेत. उलट खैऱ्याचं. तो रोग नसून जस्ताची उपासमार आहे हे त्याच दशकात पंतनगरला डॉ. नेने यांनी दाखवलं. शेतात दोन्ही पिवळेच दिसतात, म्हणून घोळ होतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. रंगलेली रोपं परत हिरवी होणार नाहीत. विषाणूवर औषध नाही. बुरशीनाशक नाही, स्ट्रेप्टोमायसीनची पावडर नाही, टॉनिक तर नाहीच नाही. मामाजींना हे स्पष्ट सांगा, म्हणजे पुढचे पैसे तरी वाचतील. युरियाचा हात दिला ते उलटं झालं. कोवळ्या लुसलुशीत पानांवर तुडतुडा जास्त बसतो. आता काही दिवस युरिया थांबवा.

रोग कसा चालतो ते समजून घ्या, कारण काय करायचं ते त्यातच आहे. यात एक नाही, दोन विषाणू असतात. एक गोल, एक कांडीसारखा. रोप खुरटतं आणि रंगतं ते मुख्यतः कांडीसारख्याने. पण तुडतुडा त्याला एकट्याला उचलू शकत नाही, त्यासाठी गोल विषाणू सोबत लागतो. आणि गोल एकटाच असेल तर रोप फारसं आजारी दिसतही नाही. म्हणजे हिरव्यागार दिसणाऱ्या रोपातही निम्मा रोग असू शकतो.

तुडतुडा आजारी पानावर सोंड खुपसून अर्धा तास बसला तरी त्याचं काम होतं. उडून दुसऱ्या चुडीवर गेला की लगेच तिला लावतो. पण विषाणू त्याच्या अंगात टिकतो जेमतेम चार-पाच दिवस. पिल्लानं कात टाकली की गेला. अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. बियाण्यातून येत नाही, मातीतून येत नाही, विळ्याला लागून येत नाही. तुडतुड्याला पुन्हा पुन्हा आजारी रोपावर यावं लागतं. तेव्हा तुडतुडा हा नुसता हमाल, रोगाचं कोठार म्हणजे आजारी हिरवं रोप. उन्हाळी धान कापल्यावर खुटांना फुटलेला फुटवा, सांडीचा उगवलेला धान, हीच ती कोठारं.

म्हणून मला तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. पऱ्हे नेमके कुठं टाकले होते? आणि त्या कोपऱ्यात रोवलेल्या जुड्या पऱ्ह्याच्या कोणत्या बाजूच्या होत्या? लागण झाल्यावर रोपावर दिसायला एक-दोन आठवडे लागतात. तुमचा कोपरा रोवणीनंतर दोन आठवड्यांनी रंगला. म्हणजे रोग पऱ्ह्यातूनच आला असेल, असा माझा कयास आहे.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी सांगतो. जवळच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आयोडीनचं द्रावण मागून आणा: १०० मिली पाण्यात २ ग्रॅम आयोडीन आणि ६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. पहाटे सहाच्या आत, ऊन पडायच्या आधी, संशयित चुडींच्या पानांची वरची बोटभर लांबीची टोकं कापा. चांगल्या चुडींचीही कापा. कापलेली बाजू पंधरा मिनिटं द्रावणात बुडवा, धुवा, दोन काचांच्या मध्ये दाबून उजेडात धरा. निरोगी पानात दिवसा तयार झालेला स्टार्च रात्रीतून खाली उतरून जातो. टुंग्रोच्या पानात तो अडकून राहतो आणि आयोडीननं काळ्या-निळ्या रेषा उमटतात. ही चाचणी अंदाजाची आहे, पक्का निकाल प्रयोगशाळेचा. साकोली आणि सिंदेवाही इथली संशोधन केंद्रं धानावरच काम करतात. सबंध चूड मुळासकट, ओल्या कागदात गुंडाळून न्या, नुसतं पान नको.

तोवर रोज सकाळी बांधीत दहा-वीस चुडी हलवून तुडतुडे मोजा. एरवी हिरव्या तुडतुड्याला मी एवढं मनावर घेत नाही. पण टुंग्रोचा संशय असेल तिथं चुडीमागे दोनसुद्धा जास्त झाले. तसे आढळले तर थायामेथोक्झाम २५ टक्के, एकरी ४० ग्रॅम, कालव्याकडच्या बांधीत आणि तिला लागून असलेल्या धुऱ्यावर. सायपरमेथ्रीन किंवा त्या जातीचं काही मारू नका, त्यानं मागाहून तपकिरी तुडतुडा उसळतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धान जळाल्यासारखा बसतो. रंगलेल्या चुडी फवारणीच्या आधी उपटू नका. हलवल्या की तुडतुडे उडून बाजूच्या चांगल्या चुडींवर बसतात आणि रोग आपल्याच हातानं पसरतो. आधी फवारा, दुसऱ्या दिवशी उपटा, चिखलात खोल दाबा.

आणि फवारणीला मामाजींना पाठवू नका. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते आपण विसरायचं नाही. तोंडाला फडकं, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याच्या दिशेनं, आणि घरी आल्यावर आधी अंघोळ.

---

धानाची बांधी (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)
४ ऑगस्ट, दुपारी १.३०

काका, तुमचं उत्तर मामाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. पऱ्ह्याच्या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प राहिले.

पऱ्हे कालव्याकडच्याच वरच्या बांधीत टाकले होते. तिच्याखालच्या बांधीत उन्हाळी धानाची खुटं मेपासून तशीच होती. अवकाळी पाऊस झाला आणि खुटं फुटून हिरवीगार झाली. मामाजी म्हणाले, बैलांना ओला चारा आहे, राहू दे. ती चिखलणीलाच मोडली, म्हणजे ६-७ जुलैला. पऱ्हे आणि ती खुटं पंचवीस दिवस एकमेकांना लागून होती, मध्ये फक्त एक धुरा.

आणि जुड्या. रोवणीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाया त्या कोपऱ्यात पोचल्या. तेव्हा पऱ्ह्यात फक्त धुऱ्याकडची कड उरली होती. तिथल्याच जुड्या मी स्वतः वाहून नेऊन दिल्या. मला आठवतं, कारण त्या मुठीला बारीक लागत होत्या आणि मी म्हटलं होतं की एका जागी तीन-तीन काड्या लावा.

उद्या भाचीच्या कॉलेजातून द्रावण मिळतंय.

---

खारपाणपट्टा (दर्यापूर, अमरावती)
४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५०

ताई, आमच्याकडं धान नाही, त्यामुळं तुमच्या बांधीचं मले काही सांगता येणार नाही. पण ज्वारीत असंच होते म्हणून लिहितो. ज्वारीच्या पोंग्यात एक तुडतुडा बसते. तो एक विषाणू आणते, त्यानं पानावर बुडापासून पिवळ्या-पांढऱ्या लांब पट्ट्या पडतात, ताट बसकं होते अन् कणीस एक तर निसवत नाही, नाही तर पोचट निघते. आम्ही वर्षानुवर्षं त्याले चिकट्याचाच प्रकार समजत होतो. चिकटा तर माव्याच्या साखरेचा, त्याचा याच्याशी संबंध नाही.

काकांनी सांगितलं की धानाच्या तुडतुड्यात विषाणू चार-पाच दिवसच राहते. ज्वारीच्या या तुडतुड्यात तसं नाही जी. त्याच्या अंगात विषाणू वाढते, मरेपर्यंत राहते आणि अंड्यातून पिल्लातही जाते. म्हणून आमच्याकडं आजारी ताट उपटलं तरी किडा रोग घेऊन फिरतच राहते. तुमचं त्यामानानं हातात आहे, एवढंच सांगायचं होतं. हिंमत सोडू नका.

---

जुना कृषी सहायक (सिंदेवाही, चंद्रपूर)
४ ऑगस्ट, रात्री ८.३०

दर्यापूरच्या भाऊंनी मोलाचं सांगितलं. किडा तोच दिसला तरी विषाणू बदलला की सगळा हिशेब बदलतो. गव्हात माव्यानं येणारा पिवळा खुजा रोग आहे, त्यात विषाणू माव्याच्या अंगात राहतो पण वाढत नाही. तिसरीच तऱ्हा.

ताई, मामाजींना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. बैलासाठी ओला चारा राखणं ही चूक म्हणता येत नाही. दुष्काळ पाहिलेला माणूस तसंच करणार. फक्त पुढच्या वर्षी उन्हाळी धान निघाल्याबरोबर खुटं नांगरून उलटी करा. मध्ये महिनाभर तरी शिवारात हिरवा धान दिसता कामा नये, आणि पऱ्हे त्या बांध्यांपासून दूर, गावाकडं टाका. हे तुम्ही एकट्यानं करून भागत नाही. कालव्याखालच्या सगळ्यांनी मिळून करायचं. एकाची बांधी हिरवी राहिली तरी तुडतुड्याला पुरते. विक्रमार्यसारखे टुंग्रोला दाद न देणारे वाणही काढले गेले आहेत, पण आपल्याकडं बियाणं मिळेल का ते संशोधन केंद्रात विचारूनच ठरवा.

एक दिलासा. रोप लहान असताना लागण झाली तर नुकसान मोठं. रोवणीला दीड-दोन महिने झाल्यावर लागलं तर फार कमी. तुमचे खरे जोखमीचे दिवस अजून तीन-चार आठवडे आहेत. तेवढे सांभाळा.

---

धानाची बांधी (अर्जुनी मोरगाव, गोंदिया)
१७ ऑगस्ट, रात्री ९.१०

काय झालं ते कळवायचं राहिलं होतं.

६ तारखेला पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन मी आणि भाची बांधीत गेलो. कोपऱ्यातली सहा टोकं, मधल्या नव्या ठिगळातली दोन, तलावाकडच्या बांधीतली चार आणि अगदी निरोगी चार. चार वाट्यांत वेगवेगळी बुडवली, वाट्यांवर खडूनं खुणा केल्या. दोन काचा म्हणजे जुन्या फोटो-फ्रेमच्या. उजेडात धरलं तर कोपऱ्याच्या सहांपैकी पाचांत शिरांच्या बाजूनं बारीक काळ्या-निळ्या रेषा, पेन्सिलीनं ओढल्यासारख्या. मधल्या ठिगळातल्या दोन्हींत त्याच रेषा. तलावाकडच्या चारांत एकही नाही, निरोगींतही नाही. मामाजींनी प्रत्येक काच स्वतः हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे दोन दुखणी आहेत, एक नाही."

लाखांदूरच्या भाऊंनी सांगितलं तसं तलावाकडं झिंक सल्फेट आणि चुना फवारला, पाणी तीन दिवस काढून ठेवलं. आता नवीन पानं हिरवी निघालीत. भाऊ, तुमचे उपकार.

कालव्याकडं चुडीमागे तीन-चार तुडतुडे भरत होते. ७ तारखेला फवारणी केली, पंप मी पाठीवर घेतला, मामाजी धुऱ्यावर पाण्याची बादली घेऊन उभे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रंगलेल्या चुडी उपटल्या. १९० मोजल्या, मग मोजणं सोडलं. तिथं बाजूच्या दाट, निरोगी चुडींचे फुटवे फोडून लावले. काही जगले, काही नाही. कोपऱ्यात यंदा पोतंभर धान कमी येईल असं मामाजी धरून चाललेत. गेल्या सहा दिवसांत नव्यानं सातच चुडी रंगल्या, त्याही कोपऱ्याला लागूनच. चुडीमागे तुडतुडा आता एखादा, बऱ्याच चुडींत नाहीच. नमुना पाठवला आहे, अहवाल यायचा आहे.

कालव्याखालच्या अकरा घरांपैकी सात घरची माणसं परवा आमच्या अंगणात आली होती. भाचीनं त्या काचा पुन्हा दाखवल्या. उन्हाळी धान निघाला की आठ दिवसांत खुटं मोडायची, ट्रॅक्टर सगळ्यांनी मिळून एकदाच बोलवायचा, असं ठरलं. ओल्या चाऱ्याचं काय, हा प्रश्न दोघांनी काढला आणि तो खरा आहे. मामाजींनी धुऱ्यावर आणि घरामागं नेपिअर गवताची ठोंबं लावायचं मनावर घेतलंय. ठोंबं कुठं चांगली मिळतील कोणाला माहीत असेल तर सांगा.

कालवा आणि आमच्या धुऱ्याच्या मध्ये जी पट्टी आहे, तिथं उन्हाळी धानाच्या सांडीचा धान अजून कमरेएवढा उभा आहे. ती जागा कोणाचीच नाही, म्हणून आजवर कोणी पाहिलं नाही. तिथल्या तुडतुड्यांवर काल फवारा मारून आले. उद्या सकाळी सात घरच्या बाया विळे घेऊन जाणार आहोत.